फाइल उडवायच्या नाना तऱ्हा

युनिक्समध्ये फाइल ‘डिलीट’ करणारा सिस्टिम कॉलच नाही. १९७१ साली बेल लॅब्जमधल्या पहिल्या युनिक्समध्ये तो नव्हता, आजच्या लिनक्समध्येही नाही. जो आहे त्याचं नाव ‘अनलिंक’. तो फाइलला हात लावत नाही, डिरेक्टरीतून तिचं नाव तेवढं काढतो.

डिरेक्टरी म्हणजे एक तक्ता. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात आयनोडचा नंबर. फाइल केवढी, मालक कोण, परवानग्या काय, डिस्कवरचे ब्लॉक कुठे, ही सगळी माहिती आयनोडमध्ये असते. या आयनोडला एकूण किती नावं आहेत, हा आकडाही तिथेच असतो. अनलिंक तक्त्यातली एक ओळ खोडतो आणि तो आकडा एकने कमी करतो. आकडा शून्यावर आला आणि फाइल कोणत्याही प्रोसेसने उघडी धरलेली नसली, तरच कर्नल ब्लॉक मोकळे करतो. मोकळे करतो म्हणजे ‘आता इथे दुसरं काही लिहायला हरकत नाही’ अशी नोंद करतो. मजकूर जागच्या जागी राहतो. दारावरची पाटी काढली म्हणून घर रिकामं होत नाही, तसंच हे.

थोडक्यात, नाव, जागा आणि मजकूर या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. यातलं नेमकं काय काढायचं आहे हे न ठरवता लिहिलेला कोड आज ना उद्या कुणाचा तरी डेटा उडवतो, किंवा उडवायचा डेटा मागे ठेवून जातो. त्यात भर म्हणजे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमचे नियम वेगळे. सी भाषेत यासाठी ‘रिमूव्ह’ हे प्रमाणित फंक्शन आहे, पण फाइल उघडी असताना ते बोलावलं तर काय व्हावं, हे सी-च्या मानकाने सांगितलेलंच नाही. ज्याने त्याने आपापलं ठरवावं, असं मानक म्हणतं. लिनक्सवर हेच फंक्शन रिकामी डिरेक्टरीही काढून टाकतं. विंडोजवर डिरेक्टरी दिली की नकार देतं.

परवानगी फाइलची नव्हे, फोल्डरची

लिनक्सवर एखादी फाइल रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, मालकीची आहे, तुम्हाला ती वाचायचीही परवानगी नाही. तरीही तुम्ही ती उडवू शकता. अट एकच: ती ज्या डिरेक्टरीत आहे तिथे लिहायची परवानगी हवी. तक्ता डिरेक्टरीचा, ओळ खोडायचा हक्कही तिथूनच येतो. नवख्यांना यावर विश्वास बसत नाही, पण वरचा आयनोडचा हिशेब लक्षात घेतला की यात नवल उरत नाही.

मग ‘टेम्प’ डिरेक्टरीचं काय? तिथे तर सगळ्यांनाच लिहायची मुभा. एकमेकांच्या फाइली उडू नयेत म्हणून तिथे ‘स्टिकी बिट’ लावलेला असतो. तो असला की फाइल तिचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूट यांनाच काढता येते. हा बिट मुळात वेगळ्याच कामासाठी आला होता. एखादा प्रोग्राम संपला तरी त्याचा कोड स्वॅपमध्ये चिकटून राहावा आणि पुढच्या वेळी चटकन सुरू व्हावा, हे त्याचं पहिलं काम. ते काम केव्हाच मागे पडलं, बिट मात्र रखवालदारीला लागला.

आणखी एक जुनी गोष्ट. सुरुवातीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरी काढायला वेगळा सिस्टिम कॉल नव्हता. त्यासाठीची कमांड रूटच्या अधिकाराने चालायची आणि आतल्या ‘एक टिंब’, ‘दोन टिंबं’ या नोंदी एकेक करून अनलिंक करायची. स्वतंत्र कॉल मिळाला तो १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये.

डिस्क भरली, पण फाइल सापडेना

सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग येतोच. डिस्क १०० टक्के भरली असा निरोप येतो. भलीमोठी लॉग फाइल दिसते, ती उडवली जाते. तरी ‘डीएफ’ ही कमांड १०० टक्केच दाखवते. ‘डीयू’ मात्र सगळ्या फाइलींची बेरीज करून सांगते की एवढं काही इथे नाही. दोघीही खरंच बोलतात. फाइलचं नाव गेलं, पण लॉग लिहिणारा प्रोग्राम अजून ती उघडी धरून बसलाय, त्यामुळे जागा सुटलेली नाही. तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा मोकळी होते.

याची दुसरी बाजू सुखाची आहे. चुकून उडवलेली फाइल कुठल्यातरी प्रोसेसने उघडी ठेवली असेल, तर लिनक्सवर ‘प्रॉक’ डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या नंबराखाली, ‘एफडी’ या फोल्डरात ती अजून हजर असते. तिथून साधी कॉपी करून घेता येते. अशा वेळी घाबरून मशीन रीस्टार्ट करणं ही सगळ्यात मोठी चूक ठरते.

जाणकार प्रोग्रामर याच गुणाचा मुद्दाम वापर करतात. तात्पुरती फाइल उघडायची आणि लगेच तिला अनलिंक करायची. नाव नाही, त्यामुळे दुसऱ्या कुणाला सापडत नाही. प्रोग्राम मध्येच कोसळला तरी कर्नल मागची आवराआवर करतो. लिनक्सच्या ३.११ आवृत्तीत, म्हणजे २०१३ साली, याच्याही पुढची सोय आली: जन्मापासूनच बिननावाची फाइल.

नेटवर्कवरच्या एनएफएस डिस्कवर मात्र ही युक्ती अडते. जुन्या एनएफएसमध्ये कुणी कोणती फाइल उघडी ठेवलीय याची नोंद सर्व्हर ठेवतच नाही. मग क्लायंट वेळ मारून नेतो. उघडी फाइल उडवा म्हटलं की तो तिला ‘.एनएफएस’ने सुरू होणारं लांबलचक नाव देऊन लपवतो आणि शेवटचा वापरणारा गेल्यावर खरोखर काढतो. आपण काढू पाहत असलेल्या फोल्डरात अचानक अशी अनोळखी फाइल दिसली आणि फोल्डर काही केल्या रिकामं होईना, तर घाबरू नका, कुणीतरी अजून ती वापरतंय.

विंडोज म्हणतं, आधी हातातली सोडा

विंडोजचा मूळ स्वभाव उलटा. फाइल उघडतानाच प्रोग्रामने सांगायचं असतं की मी वापरत असताना इतरांनी ती वाचली, लिहिली किंवा उडवली तर चालेल का. उडवायची मुभा दिली नसेल तर दुसऱ्याचा डिलीट सपशेल फेटाळला जातो. त्रुटी क्रमांक ३२, शेअरिंग व्हायोलेशन. ‘ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे’ ही खिडकी येते ती इथूनच.

मुभा दिली असली तरी एक चमत्कारिक अवस्था उरते. डिलीट यशस्वी झाल्याचं विंडोज सांगतं, पण शेवटचं हँडल, म्हणजे उघड्या फाइलचा प्रोग्रामच्या हातातला दुवा, बंद होईपर्यंत फाइलचं नाव डिरेक्टरीत तसंच राहतं. त्या काळात ती फाइल उघडता येत नाही आणि त्याच नावाची नवी बनवताही येत नाही. त्रुटी क्रमांक ५ येते, अ‍ॅक्सेस डिनाइड. ‘उडवा आणि लगेच त्याच नावाने नवी बनवा’ हा लिनक्सवर बिनबोभाट चालणारा कोड विंडोजवर अधूनमधून आपटतो तो यामुळे. अधूनमधून म्हणजे केव्हा? फाइल बनली रे बनली की अँटिव्हायरस किंवा सर्च इंडेक्सर ती तपासायला उघडतो, नेमक्या त्याच क्षणी. म्हणूनच हा बग पकडताना दिवस जातात.

यावर नामवंत प्रकल्पांनी काढलेले उपाय बघण्यासारखे आहेत. डेटाबेस सांभाळणारं एसक्यूलाइट विंडोजवर डिलीट फसला की १० वेळा पुन्हा प्रयत्न करतं, दर खेपेला आधीपेक्षा थोडं जास्त थांबून. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट काही मिलिसेकंद थांबून चार-पाचदा बघतं आणि तरीही जमलं नाही तर सरळ वापरणाऱ्यालाच विचारतं, पुन्हा करून पाहू का? सिगविनची युक्ती मला सगळ्यात आवडते. युनिक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालवणारं हे सॉफ्टवेअर वापरात असलेली फाइल नाव बदलून गुपचूप रिसायकल बिनमध्ये सरकवतं. मूळ डिरेक्टरी रिकामी झाली, युनिक्सच्या प्रोग्रामचं समाधान झालं, आणि शेवटचं हँडल बंद झालं की बिनमधली फाइलही जाते.

अगदीच हट्टी फाइल असेल तर विंडोजला सांगता येतं की पुढच्या वेळी मशीन सुरू होताना हिला काढ. ही यादी रजिस्ट्रीत साठते आणि बाकी प्रोग्राम उठायच्या आत अमलात येते. अनइन्स्टॉल केल्यावर ‘रीस्टार्ट करा’ असा आग्रह होतो, त्यामागे बहुतेकदा हीच यादी असते. लिनक्सवर चालू प्रोग्रामची फाइलसुद्धा काढता येते, म्हणून तिथे सॉफ्टवेअर अपडेट होताना हा आग्रह कमी.

विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टनेही युनिक्ससारखं वागणारा डिलीट दिला आहे: नाव ताबडतोब जातं, जागा मागाहून. उशिरा आलं, पण चांगलं आलं.

आणि हो, विंडोजवर ‘रीड-ओन्ली’ खूण असलेली फाइल उडत नाही. गिट आपल्या आतल्या फाइलींना ही खूण लावून ठेवतं. पायथनने गिटचं फोल्डर उडवायला गेलेले किती जण त्रुटी ५ पाहून चक्रावले असतील याची गणती नाही. खूण काढा, मग फाइल काढा.

जर्नल उडालं की व्यवहार पक्का

डिलीटचा सगळ्यात देखणा वापर तुमच्या खिशातल्या फोनमध्ये चालतो. एसक्यूलाइट हा डेटाबेस जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. त्याच्या मूळ पद्धतीत, डेटात कुठलाही बदल करण्याआधी जुनी पानं ‘जर्नल’ नावाच्या बाजूच्या फाइलमध्ये उतरवून घेतली जातात. ती डिस्कवर पक्की पोचली याची खात्री केली जाते. मग मुख्य फाइलमध्ये नवी पानं लिहिली जातात, तीही पक्की केली जातात. सगळ्यात शेवटी जर्नल उडवलं जातं.

व्यवहार पूर्ण झाला तो नेमका या डिलीटच्या क्षणी. त्याच्या आधी वीज गेली तर पुढच्या वेळी एसक्यूलाइटला जर्नल पडलेलं दिसतं, ते जुनी पानं परत जागेवर ठेवतं, जणू काही घडलंच नव्हतं. नंतर वीज गेली तर जर्नल नाही, म्हणजे बदल कायम. मधली अवस्था नाही. फाइल एकतर आहे किंवा नाही, एवढ्या साध्या सत्यावर अब्जावधी व्यवहार उभे आहेत.

यातही एक खाच आहे. लिनक्सवर अनलिंक परतला म्हणजे डिरेक्टरीतला बदल प्रत्यक्ष डिस्कवर उतरला असं नाही, तो अजून मेमरीत असू शकतो. म्हणून एसक्यूलाइट त्यानंतर डिरेक्टरीच उघडतं आणि तिच्यावर ‘एफसिंक’ करतं, म्हणजे बदल डिस्कवर उतरवायला लावतं. स्वतः काही टिकाऊ लिहीत असाल तर ही पायरी गाळू नका. शिवाय फाइल उडवणं काही सिस्टिमवर महाग पडतं, म्हणून जर्नल न उडवता त्याची लांबी शून्य करण्याचा किंवा नुसता त्याचा मथळा पुसण्याचा पर्यायही एसक्यूलाइटने ठेवला आहे. परिणाम तोच.

पहिलं अक्षर आठवतंय का?

डॉसच्या काळात फाइल उडवली की तिच्या नावाचा पहिला बाइट बदलून २२९ व्हायचा, हेक्समध्ये ‘ई५’. बाकी नाव तसंच. म्हणूनच फाइल परत आणणारे प्रोग्राम विचारायचे, पहिलं अक्षर काय होतं? पीटर नॉर्टन यांच्या १९८२ च्या नॉर्टन युटिलिटीजचं नाव झालं ते मुख्यतः याच करामतीमुळे. मायक्रोसॉफ्टने स्वतःची ‘अनडिलीट’ कमांड दिली ती १९९१ मध्ये, डॉस ५ बरोबर.

ई५ च का? हा आकडा डॉसच्याही आधीच्या सीपी/एम या सिस्टिममधून आला. त्या वेळच्या आठ इंची फ्लॉपी फॉरमॅट केल्या की त्यांच्यावर सगळीकडे ई५ भरलेलं असायचं. सीपी/एमने ठरवलं की ई५ म्हणजे ‘ही नोंद रिकामी’. झालं, कोरी फ्लॉपी आपोआप रिकामी डिरेक्टरी बनली, काही लिहायलाच नको.

पुढे जपानी मंडळींची पंचाईत झाली. त्यांच्या लिपीच्या सांकेतिक पद्धतीत ई५ हा कांजी अक्षरांचा खराखुरा पहिला बाइट आहे. म्हणजे अशा अक्षराने सुरू होणारी फाइल जन्मतःच डिलीट झालेली. तोडगा असा निघाला की डिस्कवर ई५ च्या जागी ५ हा आकडा लिहायचा आणि वाचताना परत ई५ करायचा. आजही पेनड्राइव्हवर फॅट फाइल सिस्टिम असते, आणि तिच्या नियमांत हा अपवाद अजून आहे.

तपासलं एक, उडवलं दुसरंच

हा भाग सगळ्यात गंभीर, म्हणून जरा थांबून पाहू.

एक सफाई करणारा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालतोय. ‘टेम्प’मधलं एक फोल्डर त्याला आतल्या सगळ्यासकट काढायचंय. तो आतल्या ‘अ’कडे पाहतो: ही डिरेक्टरी आहे की सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे नेणारं नुसतं नाव? डिरेक्टरी. ठीक, आता ‘अ’मध्ये शिरायचं. या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत हल्लेखोर ‘अ’ बाजूला सारतो आणि त्याच नावाची लिंक ठेवतो, जी सिस्टिमच्या सेटिंगच्या डिरेक्टरीकडे जाते. प्रोग्राम ‘अ’ या नावाने आत शिरतो आणि रूटच्या अधिकाराने तिथलं सगळं साफ करतो. हल्लेखोराला स्वतःला त्या डिरेक्टरीतली एक फाइलही काढता आली नसती. दुसऱ्याच्या हाताने काढली.

सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या रस्ट भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत हीच फट पहिल्या आवृत्तीपासून होती. सिम्बॉलिक लिंकच्या मागे जाणार नाही असं तिथे लिहिलेलं होतं, तशी तपासणीही होती, पण तपासणी आणि कृती यांत अंतर होतं. २० जानेवारी २०२२ रोजी १.५८.१ ही आवृत्ती काढून ती बुजवली गेली. पायथनने २०१२ मध्येच, ३.३ आवृत्तीत, ही काळजी घेतली होती, आणि चालू मशीनवर हे संरक्षण आहे की नाही हे विचारायची सोयही ठेवली होती.

उपाय काय? नावावर विसंबायचं नाही. डिरेक्टरी एकदाच उघडायची, तीही ‘लिंक असेल तर उघडू नको’ अशी सूचना देऊन. मग हातात आलेल्या हँडलच्या आधारानेच आतली प्रत्येक गोष्ट काढायची. यासाठी लिनक्सने २००६ मध्ये ‘अनलिंकअ‍ॅट’ हा कॉल दिला, २००८ च्या पॉसिक्स मानकात तो आला. विंडोजवरही हँडल उघडून त्याच हँडलवर ‘काढ’ असं सांगता येतं. बाहेर नावांची कितीही अदलाबदल होवो, हातातलं हँडल बदलत नाही. योसेमिटीच्या आधीच्या मॅकवर असे कॉलच पुरेसे नव्हते, त्यामुळे तिथे रस्टची दुरुस्तीही पोचू शकली नाही.

एक स्पेस, एक रिकामा व्हेरिएबल

२०११ साली लिनक्सच्या ग्राफिक्ससाठी असलेल्या ‘बंबलबी’ या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका पाथच्या मधोमध चुकून एक स्पेस पडली. ‘यूएसआर’च्या आतलं एक छोटं फोल्डर काढायचं होतं, आज्ञा झाली अख्खं ‘यूएसआर’ काढायची. म्हणजे जवळपास सगळे प्रोग्राम.

जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या ‘स्टीम’ या गेमच्या सॉफ्टवेअरची गोष्ट उघडकीस आली. स्क्रिप्टमध्ये ‘या फोल्डरातलं सगळं उडव’ अशी ओळ होती आणि फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये. एका वापरणाऱ्याने स्टीमचं फोल्डर हलवलं, व्हेरिएबल रिकामा राहिला, आणि आज्ञा उरली ती मुळापासून सगळं उडवायची. जोडून ठेवलेली बॅकअपची बाहेरची डिस्कसुद्धा गेली. ही ओळ भीतीदायक आहे अशी टिप्पणी लिहिणाऱ्याने शेजारीच करून ठेवली होती. बॅश शेलमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह टाकलं की रिकामा असताना स्क्रिप्ट तिथेच थांबते. दोन चिन्हांनी हे टळलं असतं.

फाइली उडवणाऱ्या ‘आरएम’ कमांडची जीएनू आवृत्ती २००६ पासून मूळ डिरेक्टरी उडवायला आपणहून नकार देते. पण मुळापुढे तारांकन टाकलं तर शेल आधीच सगळी नावं पसरवून देतं आणि आरएमला मूळ डिरेक्टरी दिसतच नाही. तो नकार तिथे कामाचा नाही.

विंडोजच्या जुन्या शेल फंक्शनचा असाच एक सापळा आहे. उडवायच्या फाइलींची यादी देताना शेवटी एक नव्हे, दोन शून्य बाइट लागतात. दुसरा विसरला तर मेमरीत पुढे जो कचरा असेल तोही फाइलचं नाव म्हणून वाचला जातो.

आणि एक गोष्ट ऐकून अंगावर काटा येतो. लिनक्स मदरबोर्डवरच्या यूईएफआयची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरची, सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवतं. २०१६ च्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं की सगळं उडवणारी आज्ञा त्या ‘फाइली’ही उडवते आणि काही लॅपटॉप त्यानंतर सुरूच होत नाहीत. डिस्क बदलूनही उपयोग नाही, कारण इजा बोर्डाला झालेली असते. दोष खरा त्या लॅपटॉपच्या फर्मवेअरचा, पण कर्नलने शहाणपणाने त्या नोंदींवर ‘बदलू नये’ अशी खूण लावली.

‘तऱ्हा’ किती तऱ्हांची?

नावांच्या गमती अनेक. विंडोजवर ‘कॉन’, ‘नल’, ‘ऑक्स’ ही नावं डॉसच्या काळापासून उपकरणांसाठी राखीव आहेत, अशी फाइल कुठून आलीच तर साध्या मार्गाने उडत नाही. लिनक्सवर आडव्या रेघेने सुरू होणारं फाइलचं नाव आरएमला पर्याय वाटतो, म्हणून नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते.

पण मराठी वाचकांसाठी खास गंमत ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘चऱ्हाट’ या शब्दांत आहे. यातला अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो: थेट ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा र, नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही हुबेहूब. बाइट मात्र वेगळे. लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम नुसते बाइट पाहते, त्यामुळे एकाच फोल्डरात ‘तऱ्हा’ नावाच्या तीन फाइली सुखाने नांदू शकतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस पहिला प्रकार आपणहून दुसऱ्यात बदलून साठवायची. मॅकवरून आणलेली अशी फाइल लिनक्सवर नाव टाइप करून उडवायला जा, उत्तर येतं: अशी फाइल नाही. समोर दिसतेय, तरी नाही.

अशा वेळी नाव सोडा आणि आयनोड धरा. ‘एलएस’ला आयनोडचा नंबर विचारा, आणि ‘फाइंड’ला सांगा की या नंबरची फाइल काढ.

जाता जाता: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट. म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून ८५ चिन्हं. एनटीएफएसवर हीच मर्यादा २५५ चिन्हांची आहे.

मजकूर पुसायचा असेल तर

आतापर्यंत नाव आणि जागा झाली. मजकूर खरोखर नाहीसा करायचा तर?

१९९६ मध्ये ऑकलंडच्या पीटर गुटमन यांनी ३५ वेळा निरनिराळे नमुने लिहून डिस्क पुसायची पद्धत मांडली आणि ‘३५’ हा आकडा अनेक सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसला. ते नमुने त्या काळच्या वेगवेगळ्या डिस्क तंत्रांसाठी होते, एकाच डिस्कला सगळे लागूच होत नाहीत. गुटमन यांनी स्वतःच नंतर लिहिलं की लोक या ३५ फेऱ्यांचा मंत्रतंत्र करून बसले आहेत.

नंतर एसएसडी आली आणि पुन्हा लिहून पुसण्याचा पायाच गेला. एसएसडी त्याच जागी परत लिहीत नाही, नवा मजकूर दुसऱ्या पेशींत टाकते आणि जुना मागे राहतो. २०११ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. एकेक फाइल पुसायच्या सगळ्या पद्धती फसल्या, एसएसडीवर फाइलचा ४ ते ७५ टक्के भाग शिल्लक सापडला. अ‍ॅपलने २०१५ च्या एल कॅपिटनमधून ‘सिक्युअर एम्प्टी ट्रॅश’ काढून टाकलं ते यामुळेच. पाळता न येणारं वचन मागे घेतलं, हा निर्णय मला प्रामाणिक वाटतो. लिनक्सच्या ‘श्रेड’ कमांडच्या माहितीतही इशारा आहे की फाइल सिस्टिम त्याच जागी लिहीत असेल तरच माझ्यावर भरवसा ठेवा. बीटीआरएफएस, झेडएफएस, एपीएफएस तसं लिहीत नाहीत.

मेमरीतला पासवर्ड पुसतानाही असंच होतं. प्रोग्रामर शेवटी तिथे शून्यं भरतो, कंपायलरला वाटतं की ही जागा पुढे कुणी वाचतच नाही, आणि तो ती ओळ गाळतो. पासवर्ड तिथेच. म्हणून विंडोजमध्ये ‘सिक्युअर झिरो मेमरी’ आहे, ओपनबीएसडीने २०१४ मध्ये ‘एक्स्प्लिसिट बीझिरो’ दिलं आणि सी२३ या ताज्या मानकात ‘मेमसेट एक्स्प्लिसिट’ आलं.

मग खात्रीचा मार्ग? मजकूर आधीपासून सांकेतिक रूपात साठवायचा आणि वेळ आली की फक्त किल्ली नष्ट करायची. आजचे फोन फॅक्टरी रीसेटच्या वेळी हेच करतात. पुसायचे ते काही मोजके बाइट, सगळा फोन नव्हे. अट एकच, मजकूर डिस्कवर पडायच्या आधीपासून एन्क्रिप्शन चालू हवं. आधी उघडा लिहिलेला मजकूर नंतर एन्क्रिप्शन लावून आवरत नाही, त्याच्या जुन्या प्रती एसएसडीच्या पेशींत राहिलेल्या असू शकतात.

सिमसन गारफिंकल आणि अभि शेलत या संशोधकांनी काही वर्षांत १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. वाचता आलेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक निघाले. म्हणून जुना लॅपटॉप विकायची वेळ येईपर्यंत थांबू नका. विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स, जे असेल ते नवं मशीन घरी आणल्याच दिवशी सुरू करा, पहिली फाइल साठवण्याच्या आधी.